घरगाडीचा रुसवा

सरका असे पुढे. जाजमाची ही कड मोकळी आहे आणि खांबाच्या आडोशाने वाराही लागत नाही. बुवा अजून कपडे बदलताहेत, पेटीवाल्याचा सूर काही ठरत नाहीये, म्हणजे अर्धा तास आपलाच आहे. तेवढ्यात एक हकिकत सांगून टाकतो. कीर्तनाचीच आहे, पण तिच्यात टाळ कमी आणि पाने-पकडी जास्त.

केळंब्याच्या घाटात तिसऱ्या वळणावर, माघातल्या एका दुपारी, आमच्या गाडीने पहिला आचका दिला. मी ॲक्सिलरेटर दाबला. पाय खाली गेला, गाडी वर गेली नाही. दुसरा आचका, तिसरा, मग इंजिनाचा आवाज दमेकऱ्यासारखा बसत बसत गेला आणि चढाच्या ऐन मध्यावर सगळं गप्प झालं. मी हँडब्रेक ओढला, उडी टाकली, मागच्या चाकांना जांभ्याचे दोन दगड लावले. आतून अण्णा म्हणाले, "झालं."

पक्षाघाताने अण्णांची उजवी बाजू गेली होती आणि बोलण्यातले पाच-सहाच शब्द मागे राहिले होते. त्यातला हा शब्द ते फक्त गाडी बंद पडली की वापरत. गाडी वरचेवर बंद पडायला लागल्यापासूनच्या सात महिन्यांत मी तो इतक्या वेळा ऐकला होता की माझ्या कानाला तो शिवीसारखा लागायला लागला होता.

अण्णा म्हणजे कृष्णाताई आठल्ये यांचे यजमान. ताईंचं कीर्तन ज्याने ऐकलंय त्याला मी काय सांगू, आणि ज्याने नाही ऐकलं त्याला सांगून कळायचं नाही. बासष्टाव्या वर्षी दोन-दोन तास उभ्याने गायच्या. पूर्वरंगात डोक्यावरून गेलेली गोष्ट उत्तररंगात अशी सोपी करून हातावर ठेवायच्या की माणूस घरी जाऊन दुसऱ्या दिवशी भावाशी असलेला अबोला सोडायचा. त्यांच्या मागे चाळीस वर्षं पेटीवर अण्णा. अण्णा अंथरुणाला खिळले तेव्हा ताईंनी कीर्तन थांबवलं. ते ऐकत नसतील तिथे मी गाणार नाही, एवढंच म्हणाल्या.

तेव्हा सावंतवाडीच्या एका भातगिरणीवाल्याने ही गाडी दिली. एक जर्मन जोडपं आपल्या मुलखातून थेट रस्त्याने ती चालवत इथवर आलं होतं. साहेबाला कावीळ झाली, दोघं विमानाने परत गेली आणि गाडी गिरणीच्या आवारात राहिली. तेव्हाच ती वीस वर्षांची होती. आत पलंग, शेगडी, हात धुवायचं भांडं, कपाट, खिडक्यांना पडदे. लोक तिला घरगाडी म्हणत. मी जातीचा गुरव, पण देवळातल्या वाटणीत भाऊ पुष्कळ, म्हणून ट्रकवर होतो. ट्रक सोडून या गाडीवर आलो. उत्सव असेल तिथे मांडवाच्या पाठीशी गाडी लावायची, पलंगालगतची खिडकी उघडायची. अण्णा आतून ऐकायचे, ताई मांडवात गायच्या आणि मी मागे झांज धरायचो. पाच वर्षं असं चाललं. माणसाला याहून जास्त काय लागतं, मला तरी माहीत नाही.

आणि मग आषाढात गाडी रुसली.

सरळ बिघडली असती तर बरं होतं. बिघडलेली वस्तू दुरुस्त करता येते. ही पंधरा-वीस मैल गुणी मुलीसारखी चालायची, मग चढ आला की दम तोडायची. खाली उतरून मी टाकीचं झाकण काढायचो, बांबूची पट्टी आत घालून पेट्रोल बघायचो, कारण पेट्रोलचा काटा जर्मन माणसाबरोबरच गेला होता. पेट्रोल भरपूर असायचं. झाकण लावून मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसून एकशे आठ वेळा नाम घ्यायचो, किल्ली फिरवायचो, की बाईसाहेब चालू. जसं काही घडलंच नाही. उत्सवाच्या मंडळींना मी छातीवर हात ठेवून सांगायचो, आमची गाडी नामावर चालते.

मिस्त्री पाच झाले. देवरूखच्याने कार्बोरेटर धुतला. लांज्याच्याने प्लग बदलले आणि आधीच्याला वेड्यात काढलं. कोल्हापूरच्याने कॉइल बदलली, पॉइंट घासले आणि त्या दोघांनाही वेड्यात काढलं. चौथा म्हणाला, ही थंड देशाची गाडी, हिला आपला घाट मानवत नाही. पाचव्याने पेट्रोल ओढणारा पंप नवा बसवला, तासभर इंजिन चालवून ऐकलं आणि म्हणाला, गाडीत काही नाही, ड्रायव्हरात आहे. त्याच्या दारात गाडी मांजरीसारखी घुरघुरत होती. परत निघालो आणि आठव्या मैलाला अण्णा म्हणाले, "झालं." मी त्या दिवशी गाडीला लाथ मारली. मग पाया पडलो. चाकाला.

पौषात मोठा घोळ झाला. राजापूरजवळच्या एका उत्सवाला माणसं तीन तास ताटकळत बसली आणि आम्ही डोंगरात अडकलेलो. शेवटी तिथल्या पुजाऱ्यांनी आरती करून लोकांना घरी पाठवलं. ताईंचं कीर्तन ठरलं आणि झालं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः जाऊन मंडळींची क्षमा मागून आल्या, आणि ती गोष्ट पुण्याला त्यांच्या मुलाच्या, मुकुंददादांच्या कानावर गेली.

मुकुंददादा कारखान्यात तपासणी खात्यात होते. तयार झालेला प्रत्येक नग मापून, ठोकून, फिरवून बघायचा आणि मगच पास करायचा, हे त्यांचं काम. घरीही तसेच. हसणं मोजून, बोलणं मोजून. रजा काढून आले आणि ओटीवर बसून त्यांनी आईला सांगितलं की पुढचं कीर्तन केळंब्याला आहे ना, मी गाडीत बसून येतो. वाटेत गाडी एकदा जरी बंद पडली तरी ती मोडीत जाईल, आणि तुम्ही दोघं पुण्याला माझ्याकडे याल. डोंगरात अडकलेल्या गाडीत अण्णांना काही झालं तर काय करणार, असं त्यांनी विचारलं. 

ताईंनी वाती वळता वळता मान हलवली. "दिला शब्द," म्हणाल्या.

 पुण्याला म्हणजे गाडी नाही, आणि गाडी नाही म्हणजे कीर्तन संपलं.

तर त्या दुपारी घाटात आम्ही चौघं होतो. निघताना मुकुंददादांनी स्वतः पंपावर टाकी काठोकाठ भरवली होती, पेट्रोलवरून सबब नको म्हणून. गाडी थांबली तसे ते खाली उतरले, घड्याळ पाहिलं आणि वहीत वेळ लिहिली. मी सवयीने टाकीकडे वळलो.

"भिकू, थांब. हात लावायचा नाही."

मी म्हणालो, फक्त पेट्रोल बघतो. ते म्हणाले, टाकी माझ्या डोळ्यांदेखत भरली आहे, बघायचं काय त्यात. प्रत्येक वेळी तू काहीतरी उघडतोस, काहीतरी करतोस, मग गाडी चालू होते आणि मिस्त्रीला चालू गाडी दाखवतोस. आज ती जशी मेली तशीच मिस्त्रीला दाखवायची. नाम घ्यायचं असेल तर लांब उभं राहून घे.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गाडी मोडीत काढायला निघालेला माणूस मिस्त्री कशाला बोलावतोय, हेही कळेना. पण ते येणारा ट्रक थांबवून घाटाखाली गेलेसुद्धा. खाडीवर जेटी होती, तिथे मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा कोणी आहे असं ट्रकवाल्याने सांगितलं. ताई दारात पाय सोडून बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघणं टाळत होतो. त्या मला म्हणाल्या, "असा काय मुडद्यासारखा उभा आहेस? चहा टाक."

चहा झाला. अर्ध्या तासाने मुकुंददादा उस्मानचाचा होडेकरांना घेऊन आले. साठीचा माणूस, लुंगी, डोक्यावर टोपी, हातात खोबरेलाच्या जुन्या डब्यात चारच पाने. एवढ्याशा सामानात हा काय करणार, असं माझ्या तोंडावर आलं असावं, कारण चाचा म्हणाले, "बाकीचं दुकानात ठेवलंय. बघून हसायला."

त्यांनी आधी काही उघडलंच नाही. मला किल्ली फिरवायला सांगितली. इंजिन लागलं, मिनिटभर खोकलं आणि बंद झालं. ते मागे जाऊन उकिडवे बसले, कारण या गाडीचं इंजिन पाठीमागे होतं. पंपाकडे येणारी पेट्रोलची नळी त्यांनी सोडवली. टाकी इंजिनापेक्षा उंचावर आणि काठोकाठ भरलेली. नळी सुटली की पेट्रोलची धार लागायला हवी. चार थेंब पडले आणि थांबले. चाचांनी नळीच्या तोंडावर बोट ठेवलं. मग ते बोट काढायला गेले तर नळी बोटाबरोबर ओढली गेली.

"हे बघा," त्यांनी मुकुंददादांना जवळ बोलावलं. "नळी उलटी चोखतेय. पोटात वारा नाही हिच्या."

मुकुंददादांनी स्वतःचं बोट लावून पाहिलं. त्यांचा चेहरा बदललेला मी प्रथमच पाहिला.

चाचांनी त्यांना नळी धरून ठेवायला सांगितलं, स्वतः टाकीपाशी आले आणि झाकण फिरवलं. फुस्स करून असा आवाज झाला की आत ताईही दचकल्या. आणि मागे नळीतून पेट्रोलची धार मुकुंददादांच्या पायावर.

समजावून सांगायला त्यांना दोन वाक्यं लागली. पेट्रोल बाहेर जायचं तर त्याच्या जागी वारा आत यायला हवा, त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं की इंजिन ओढतं, ओढतं आणि दमतं. होडीवाले खारं पाणी जाऊ नये म्हणून टाकीचं तोंड प्लास्टिकने करकचून बांधतात आणि मग खाडीच्या तोंडाशी अडकतात, तशी इंजिनं त्यांनी पुष्कळ पाहिलेली. टाकी जितकी भरलेली तितकी गाडी लवकर दमणार, कारण आत मुळात वाराच कमी. आणि पेट्रोल बघायला म्हणून झाकण उघडलं की आजार गेला.

म्हणजे एकशे आठ वेळा नाम घेण्याआधीच गाडी बरी झालेली असायची. मी मनातल्या मनात देवाची माफी मागितली, पण खरं भय पुढेच होतं.

चाचांनी लुंगीच्या काठाला लावलेली टाचणी काढून झाकणाच्या भोकात घातली. आतून शेवईसारखी एक पिवळसर कांडी निघाली. त्यांनी ती तळहातावर घेतली, नाकाशी नेली. मग माझ्या कपाळाकडे पाहिलं. मग माझ्या बोटांकडे.

ते चंदन होतं.

झालं होतं असं. त्या साली गुरुपौर्णिमेला ताईंनी कीर्तनात सांगितलं होतं की जो आपल्या मुखी घास घालतो, त्याच्या मुखाची पूजा आधी करावी, मग देवाची. मी झांज धरून ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. माझ्या मुखी घास कोण घालतं? ही गाडी. आणि गाडीचं मुख कुठे? बाकी गाड्यांना पुढे बॉनेट असतं, तिथे हळदकुंकू वाहता येतं. हिचं तोंड सपाट, इंजिन मागे. विचार करकरून मी ठरवलं, जिथून खाते ते मुख. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी अंघोळ करून सहाणेवर चंदन उगाळायचो आणि टाकीच्या झाकणाला मधोमध गंध लावायचो. आदल्या दिवशीचं बोटाने घासून पुसायचो, वर नवं. सात महिने. एक दिवस चुकलो नाही.

चाचा उठताना माझ्या कानाशी आले. "तुझं काम?" एवढंच. मी बोटं सदऱ्याला पुसली. त्यांनी कांडी रस्त्यावर टाकली, पायाने चिरडली आणि मुकुंददादांना मोठ्याने म्हणाले, कचरा होता. निघाला. जा आता.

मुकुंददादांनी विचारलं, कसला कचरा?

"कचरा कचऱ्यासारखा, साहेब."

"आज निघाला, उद्या पुन्हा बसेल. कशाने बसला ते कळलं नाही तर काय उपयोग?" मुकुंददादा ताईंकडे वळले. आवाज चढवला नाही, त्यांनी तो कधीच चढवला नाही. म्हणाले, आई, आजचं कीर्तन होईल. पण शब्द शब्द आहे. गाडी थांबली, आणि पुन्हा थांबणार नाही असं इथे कोणी सांगू शकत नाही.

ताई म्हणाल्या, "बरं." पदर सारखा केला आणि आत गेल्या. आत त्या अण्णांना काहीतरी हळू आवाजात सांगत होत्या. शब्द ऐकू येत नव्हते.

सांगणारा होता. मीच होतो. चाचा माझ्याकडे बघत नव्हते, मुद्दाम डबा आवरत होते. गप्प बसलो तर माझी अब्रू राहत होती आणि ताईंचं कीर्तन जात होतं. बोललो तर मिस्त्र्यांची सगळी बिलं, राजापूरची तीन तास बसलेली माणसं, ताईंनी मागितलेली क्षमा, सगळं माझ्या डोक्यावर. असल्या माणसाला गाडीवर कोण ठेवेल? मला ट्रक दिसायला लागला. तुम्हाला वाटेल, भक्तिमार्गातला माणूस, लगेच खरं बोलला असेल. मी चांगली पाच मिनिटं गप्प होतो. चाचा दोन वळणं खाली चालत गेले होते.

मग मी म्हणालो, "दादा, तो कचरा नव्हता. गंध होतं. मी लावायचो."

पहिल्यांदा त्यांना समजलंच नाही. मग सगळं सांगितलं, गुरुपौर्णिमेपासून. ताई दारात येऊन ऐकत होत्या. 

"सात महिने," ताई म्हणाल्या. "सात महिने मला रस्त्यारस्त्यावर उपाशी बसवलंस. आणि त्या पाच मिस्त्र्यांना मी काय काय बोलले."

मी म्हणालो, ताई, तुम्हीच कीर्तनात सांगितलं होतं.

"मी माणसाबद्दल बोलत होते रे, मेल्या. माणसाबद्दल."

मुकुंददादा मात्र चिडले नाहीत. ते झाकण हातात फिरवून बघत होते. त्यांनी मला चाचांना परत बोलावून आणायला सांगितलं. मी धावत गेलो. चाचा आले तेव्हा दादांचं ठरलं होतं. म्हणाले, एवढ्याने मी पास करणार नाही. गंध होतं हे खरं असेल, पण गाडी गंधानेच थांबते की आणखी कशाने, ते दिसलं पाहिजे. भोक पुन्हा बुजवायचं. तसंच, त्याच चंदनाने. गाडी चालवायची. तशीच थांबली आणि झाकण उघडल्यावर तशीच चालली, तर मी माझं म्हणणं मागे घेतो.

चाचांनी कपाळाला हात लावला. चार वाजून गेले होते, केळंबं अजून वीस मैल होतं, सहाला कीर्तन. गाडी आता चालू झाली आहे तर जा की बाबांनो, असं ते ताईंना म्हणाले. ताई म्हणाल्या, "मिस्त्री, तो माझा मुलगा आहे. तो हलणार नाही. तुम्ही बसा आत."

आणि मग मी घाटाच्या कडेला, जांभ्याच्या दगडावर बसून चंदन उगाळलं. कपाळावर घाम, समोर घड्याळ घेऊन उभे मुकुंददादा, बाजूला मुसलमान मिस्त्री टाचणी घेऊन तयार. जन्मात एवढं चिडून कोणी चंदन उगाळलं नसेल. चाचांनी ते भोकात दाबून भरलं, शेगडीवर झाकण धरून वाळवलं, पुन्हा भरलं. घट्ट लावलं.

निघालो. आयुष्यभर मी देवाला गाडी चालू दे म्हणत आलो. त्या दिवशी स्टिअरिंग धरून मी म्हणत होतो, देवा, थांबव. एक मैल झाला. घाटमाथा आला. गाडी वाऱ्यासारखी. तीन मैल. एवढी गोड ती सात महिन्यांत चालली नव्हती. मागे ताई टाळी धरून नाम घेत होत्या. चाचा त्यांच्यासमोर बसून काहीतरी पुटपुटत होते, ते त्यांचं नाम असणार. पाच मैल. मुकुंददादा माझ्याशेजारी वही घेऊन. मी हळूच त्यांच्याकडे पाहिलं तर ते पुढे रस्त्याकडे बघत होते आणि त्यांची बोटं पेन्सिलीवर पांढरी पडली होती.

सातव्या मैलाला एक छोटा चढ आला. गाडीने आचका दिला.

मी पाय तसाच दाबून ठेवला. दुसरा आचका. इंजिन बसत गेलं, बसत गेलं, आणि गाडी थांबली.

अण्णा म्हणाले, "झालं."

ताई अशा हसल्या की त्यांना ठसका लागला. चाचा खाली उतरून नाचायचेच बाकी होते. बंद पडलेल्या गाडीभोवती माणसं इतकी खूश झालेली त्या रस्त्याने कधी पाहिली नसतील. एक बैलगाडीवाला थांबून विचारत होता की लग्न कुठलं. मुकुंददादांनी झाकण स्वतःच्या हाताने फिरवलं. फुस्स. टाचणीने भोक मोकळं केलं, आरपार उजेड दिसतो का ते बघितलं, झाकण लावलं. किल्लीही त्यांनीच फिरवली. चालू.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, पान फाडलं आणि ताईंच्या हातात दिलं. त्यावर वेळ, मैल आणि खाली एकच शब्द होता: पास.

केळंब्याला पोचलो तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती. मी गाडी मांडवाच्या पाठीशी लावली. ताईंनी नऊवारी नीट केली, अण्णांच्या कपाळाला हात लावला. जाताना माझ्यापाशी थांबल्या. मी मान खाली घालून उभा. म्हणाल्या, "उद्यापासून गंध स्वतःच्या कपाळाला लाव. त्याला भोक नाही. आणि झांज घे, उशीर होतोय."

मी झांज घ्यायला मागे गेलो, तर मुकुंददादा खिडकीशी उभे होते. आत हात घालून त्यांनी अण्णांचा डावा हात धरला होता. मला वाटलं आता माझी हजेरी. मी म्हणालो, दादा, चुकलो. त्यांनी अण्णांचा हात सोडला नाही.

"पौषातच मी राहती जागा बदलली, भिकू. तळमजल्यावर घेतली. अण्णांची खाट खिडकीशी लावली आहे, न्हाणीत भिंतीला दांडा बसवलाय, आईचे देव ठेवायला फळी केली आहे. सगळं तयार आहे. आईला अजून सांगितलेलं नाही." मग म्हणाले, "मला कळायला लागल्यापासून ही दोघं गावोगाव आहेत. मला वाटलं होतं, या वेळी येतील."

 मी विचारलं, मग दादा, घाटात कचरा म्हटल्यावर तेवढ्यावरच का नाही थांबलात? गाडी मोडीत गेली असती. तुम्हीच कशाला पुन्हा चालवून बघायला सांगितलीत?

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी वेडंवाकडं विचारलं.

"नग चांगला होता," म्हणाले. "चांगला नग मी नापास कसा करू?"

मांडवात ताईंनी नमन धरलं. अण्णांनी डोळे मिटले. मी धावलो.

त्यानंतर नऊ वर्षं ताईंनी त्या गाडीतून कीर्तनं केली. अण्णा गेले तेव्हाही ती मांडवामागेच उभी होती. ताई पुण्याला राहायला कधीच गेल्या नाहीत. ती फळी, तो दांडा, खिडकीजवळची खाट, हे त्यांना कधी कळलं की नाही मला ठाऊक नाही. मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, तेही आजवर ठरवता आलेलं नाही.

आता बुवा आले बघा. ताईंचं नाव लोक अजून काढतात, उस्मानचाचांचं नाव जेटीवर विचारलंत तर शेंबडं पोरही सांगेल. मुकुंद आठल्ये हे नाव मात्र कोणाला माहीत नाही. कीर्तनाला ते कधी पुढे येऊन बसले नाहीत. गेल्या श्रावणात गेले. आज आरतीनंतर बुवा तुमच्या कपाळी बुक्का लावतील, तेव्हा मनातल्या मनात एकदा त्यांची आठवण काढा, एवढं माझं मागणं आहे.